जळणाच्या खोक्यातलं पुस्तक

सायमी,

फिरत्या वाचनालयाची गाडी घेऊन निघालेय, सहापर्यंत येते. आज गुरुवार, म्हणून वाटाण्याचं सूप शेगडीवर आहे, राय धान्याच्या काळ्या ब्रेडबरोबर घे.

मी तुला दिलेलं पुस्तक काल सकाळी जळणाच्या खोक्यात सापडलं. रागावले नाही गं. चूक माझीच. वीस वर्षं मुलांना पुस्तकं सुचवतेय, आणि आई गेलेल्या मुलीच्या हातात आई गेलेल्या मुलीचीच गोष्ट दिली. जसं काही खोकल्यावर औषध! तुझ्या बाबाशी लग्न करून या घरात आले, पण तुला काय आवडतं, हे विचारायचं सुचलंच नाही.

मग तुझ्या बाबाला विचारलं. म्हणाला, "सिर्कू तिला घोडेचोरांची पुस्तकं वाचून दाखवायची." म्हणजे मी भिकार म्हणून गाडीत ठेवत नाही, तीच! वाचनालयाच्या तळघरातून सातही भाग शोधून आणले. सहा तुझ्या पलंगावर आहेत. पहिला मी नेतेय. घोडा कोणी चोरला, ते सांगायचं नाही.

तिसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर पुस्तक नेणाऱ्यांच्या सह्यांचं जुनं कार्ड चिकटवलंय. त्यावर तुझ्या आईची, सिर्कूची सही आहे, तुझ्याएवढी असतानाची. एकदा नाही, तीनदा.

तो भाग हरवला, अशी नोंद मी आजच वाचनालयाच्या वहीत करतेय.

रायली