दुधाच्या सायीचं फेशियल

चि. सौ. गोपिका, नागपूरहून जिजाबाईचे भरभरून आशीर्वाद.

तुले एक मोठी बहीण आहे हे आठवते ना वं? की मास्क हनुवटीखाली लटकवून अख्ख्या उमरेडात मास्क शोधते, तशी मलेही शोधून राहिली? जावईबुवांचा खोकला गेला का? गाय दूध देते ना? माझे गुडघे होते तिथंच आहेत. मी सांगून राहिली, नात खुशी लिहून राहिली. (मधेमधे ती हसते. अक्षर वाकडं आलं तर दोष तिचा.)

आमच्या मेघाचं, म्हणजे माझ्या सुनेचं, पार्लर शिकवायचं केंद्र तुले माहीत आहे. सरकारमान्य आहे, पोरींले सर्टिफिकेट मिळते, त्यावर खापरखेड्याच्या दोघींनी आपली दुकानं टाकली. कोरोनानं वर्गाले कुलूप लागलं. पण शिकवणं थांबलं असतं तर मान्यता गेली असती अन् पोरींचं वर्ष वाया. म्हणून पोरी आपापल्या घरून मोबाईलवर अन् मेघा आमच्या समोरच्या खोलीत. वरून नियम आला: प्रात्यक्षिक दाखवायचंच, पण हात लावायचा तो फक्त घरातल्या माणसाले, अन् साहेब व्हिडिओवर तपासणार. धडा फेशियलचा. घरात रिकामं तोंड एकच, माझं. (ते कधीच रिकामं नसते, असं खुशी म्हणते. हे लिहू नको म्हटलं, तं लिहून मोकळी.)

आदल्या दिवशी मेघानं अन् मी ठरवलं, साहेबासमोर गोड बोलायचं. तिथंच फसलो वं. ती म्हणे, आई, जरा मान वळवता का. मी म्हणे, वळव वं राणी, तुझ्या हातात जादू आहे. ती म्हणे, त्रास नाही ना होऊन राहिला? मी म्हणे, अशी सून नशिबानं मिळते. साहेबाच्या कपाळाले आठ्या! त्याले वाटलं, ही म्हातारी बाहेरून भाड्यानं आणली. सासू-सून अशा बोलतात होय? मेघानं माझं आधार दाखवलं, तं लेप फासलेलं तोंड फोटोशी जुळेना, अन् लेप सुकेपर्यंत पुसायचा नाही, हाही धड्याचाच नियम. साहेब म्हणे, मग मले नियम मोडला असंच लिहावं लागेल. मेघाचे हात थरथरायले लागले.

तेवढ्यात लेप घरंगळून माझ्या ओठावर आला. चाटून पाहतो तं साय! तुपासाठी आठवडाभर जपलेली माझी साय! मग मले साहेब दिसेना की मोबाईल. "काहून वं, माझी साय माझ्याच तोंडाले फासून राहिली? घरात बेसन नव्हतं?" मेघा काय ऐकते! "बेसनाचा झुणका काल कोणी खाल्ला, आई? अन् हलू नका, सुकलं नाही अजून!" मी म्हटलं, कढईच आण, गालावरच कढवून घे. तिथून गाडी निघाली ते कपाटाच्या चाबीवरून खुशीच्या बारशातल्या साडीपर्यंत. पण एक सांगतो, भांडता भांडता तिची थरथर पार गेली. बोटं कशी झोकात फिरत होती! साहेबानं हात जोडले. "बस झालं माय, पटलं. घरातल्याच आहात." त्याच्या मागून कोणीतरी बाई अगदी माझ्याच सुरात ओरडली, अन् त्यानं घाईनं फोन ठेवला.

मान्यता राहिली वं! पोरींनी टाळ्या वाजवल्या, मेघानं मले मिठी मारली अन् एका गालाचा सारा लेप माझ्या नव्या लुगड्याले लावला. त्यावरून आम्ही अजून भांडून राहिलो, नियमाप्रमाणे.

तुझी, एका गालानं गोरी झालेली,
जिजाबाई

ता.क. तब्येत विचारायले पत्र लिहिलं असं समजू नको. पुढचा धडा केस कापायचा आहे. माझ्या डोक्यावर कापण्यासारखं उरलं काय? तुझी वेणी मात्र अजून कमरेपर्यंत आहे. रस्ते मोकळे झाले की महिनाभर राहायले ये, म्हणजे घरातलीच होशील. (मेघा म्हणे, वेणीचं आल्यावर सांगू. मी म्हटलं, सख्ख्या बहिणीशी कपट नको.)

ता.क. आणखी एक. सायीनं चेहरा खरंच उजळला, पण मेघाले कळू देऊ नको. अन् घरातलं तूप सारं माझ्या गालात मुरलं, म्हणून येताना नाही, आधीच कोणाच्या हाती डबाभर तूप पाठव. कढवलेलंच पाठव, साय नको. मेघाच्या हाती लागेल.