बापूचा रस्ता

६ सप्टेंबर

ती. ताईस बापूचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम ब्रेलमध्ये टोचतोय. फोन केला असता तर शेजारी बसलेल्या हिने सगळं ऐकलं असतं. हिच्या बोटांना अजून ठिपके वाचता येत नाहीत, हे आपलं नशीब.

तर तक्रार अशी. साथीमुळे तुम्ही आमचा रस्ता गाड्यांना बंद केलात, बाक मांडलेत, मोठाल्या कुंड्या ठेवल्यात. हे सगळं महापालिकेच्या रस्ते विभागातल्या माझ्या सख्ख्या बहिणीच्या डोक्यातून निघालं, म्हणून मी घरबसल्या फोनवरून सगळ्या जगाला सांगत होतो. साथ आल्यापासून काल पहिल्यांदाच काठी घेऊन एकटा खाली उतरलो, तर चाळिसाव्या पावलावर तुझ्या कुंडीने नडगी सोलून काढली. गेल्या आठवड्यात ती तिथे नव्हती, असं ही म्हणते. तुम्ही म्हणे दर सोमवारी सगळं हलवून बघता! आपल्या घरात साधं स्टूल सरकवायचं तरी बाबा मला आधी हाक मारून सांगायचे. तू तर खुर्ची जागेवर नाही ठेवली म्हणून पाहुण्यांनाही झापायचीस. ती शिस्त ऑफिसला जाताना घरीच ठेवतेस की काय?

लोक शांततेचं कौतुक करतात, माझी मात्र पंचाईत झालीय. गाड्यांचा आवाज डाव्या कानाला ठेवला की मी सुतासारखा सरळ जायचो. आता धरायला आवाजच नाही. कधी भरकटत रस्त्याच्या मधोमध येतो, कळतही नाही. सायकली तर चोरपावलांनी येतात.

हसण्यावारी नेतोय, पण खरं सांगू? घाबरलोय. रुग्णालयाने आम्हा टेलिफोन ऑपरेटरना इतके दिवस घरून फोन घेऊ दिले. एक तारखेपासून परत टेलिफोनच्या खोलीत बोलावलंय. ही म्हणते, मी रोज सोडेन. वीस वर्षं मी एकटा गेलोय, ताई. एकदा हिचा कोपर धरला की तो सुटायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

भाच्यांना आशीर्वाद. लोभ असू द्यावा, आणि तो तरी जागचा हलवू नये.

तुझा,
बापू

११ सप्टेंबर

चि. बापूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र बैठकीत टेबलाखाली वाचलं. डोळे साहेबांकडे आणि बोटं तुझ्याकडे. माझा चेहरा उतरलेला बघून साहेबांनी काय झालं म्हणून विचारलं. मी सांगून टाकलं, की मीच ठेवलेल्या कुंडीवर माझा भाऊ आपटलाय. शरमेने मान वर होईना. पोरं स्केटिंग शिकतायत, वर्षानुवर्षं वरच्या मजल्यांवर अडकलेली म्हातारी माणसं खाली येऊन गप्पा मारतायत, हे बघून मी इतकी हुरळून गेले की ज्याच्याबरोबर लहानाची मोठी झाले, तोच आठवला नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

दुपारी डोळ्यांवर रुमाल बांधून तुझ्या रस्त्यावर चालून पाहिलं. खाली मास्क, वर रुमाल. लोकांना वाटलं असणार, बाईंचं डोकं फिरलं. थोड्याच वेळात बाकावरच्या एका आजोबांच्या मांडीवर जवळजवळ बसलेच. सुरक्षित अंतराचे तीन तेरा! आजोबा दिलदार निघाले. म्हणाले, बसा हो, सहा महिन्यांत एवढं जवळ कोणी आलं नव्हतं.

आता ठरलंय ते नीट वाच. कुंड्या, बाक, सगळं एकाच बाजूला, एका ओळीत. सोमवारची हलवाहलव बंद. तुझ्या दारापासून रुग्णालयाच्या फाटकापर्यंत काठीला लागेल अशी खडबडीत फरश्यांची पट्टी. ज्या एका चौकात गाड्या अजून आडव्या जातात, तिथे आवाज देणारा सिग्नल. कंत्राटदार महिन्याभराची मुदत मागत होता. त्याला म्हटलं, एक तारीख म्हणजे एक तारीख. पहिल्या दिवशी मी सोबत येऊ का? रागावू नकोस, नुसतं विचारतेय.

नडगीला काय लावलंस ते कळव. माझा जीव लागून राहिलाय.

तुझी,
ताई

२ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न.

पोचलो! काल पाच मिनिटं आधीच पोचलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, आज एकटेच? मी म्हटलं, नेहमीसारखाच.

पट्टी फर्मास झालीय. एकदा पायांचा घोर मिटला आणि कान मोकळे झाले. काठी आपटली की दोन्हीकडच्या भिंती उत्तर देतात. माझा रस्ता केवढा रुंद आहे, ते मला काल कळलं. न्हाव्याने हाक मारली. तो म्हणाला, वीस वर्षं रोज हाक मारतोय, तुम्ही कधी ओ दिली नाही, म्हणून शिष्ट समजत होतो. गाड्यांच्या गोंगाटात त्याची एकही हाक माझ्यापर्यंत पोचली नव्हती गं. मी तिथेच उभा राहून त्याच्याशी दहा मिनिटं बोललो.

आणि हो. औषधांच्या दुकानापासून माझ्या मागे तीसेक पावलांवर कोणीतरी चालत होतं. मी थांबलो की थांबायचं. डावी टाच जराशी घासत चालायचं. चौदाव्या वर्षी घोटा मोडून घेतल्यापासून अशी टाच घासणारी एकच बाई माझ्या ओळखीची आहे. येऊ नकोस म्हणून फोनवर बजावलं होतं ना? तरी काल वळून तुला हाक मारली नाही. तुझी चोरी उघडी पाडायचं जिवावर आलं.

पण दिवसभर डोक्यात एकच. काल शांतता होती म्हणून कळलं. आधीच्या वीस वर्षांत, ताई, तू किती वेळा मागे होतीस? खरं सांग. रागावणार नाही, असं वचन देत नाही.

लोभ आहे. किती, ते उत्तर आल्यावर ठरवू.

तुझा,
बापू

६ ऑक्टोबर

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

सापडले. पहिले दोन महिने रोज. पुढे तू सरावलास. मग फक्त कुठे रस्ता खणला किंवा सिग्नल बिघडला की. कुठे खणणार ते आमच्याच ऑफिसला आधी कळतं ना. उशिरा येते म्हणून साहेबांची बोलणी खाल्ली, पण घरी अवाक्षर काढलं नाही. एकटा जातोस याचा तुला केवढा अभिमान! तो मोडायची माझी छाती नव्हती. आणि आता हेही ऐक. त्या सगळ्या दिवसांत मी तुला एकदाही हात दिलेला नाही. कधी गरजच पडली नाही. तू एकटाच चालत होतास, बापू.

रस्ता गाड्यांना कायमचा बंद ठेवायचा ठराव काल मंजूर झाला. हुश्श! ज्या दुकानदारांनी आमच्यावर मोर्चा आणला होता, ते आता आमच्याच दारासमोर बाक द्या म्हणून भांडतायत. साथ एक दिवस जाईल, रस्ता मात्र माणसांकडेच राहील. किती बरं वाटतंय, सांगता येत नाही.

आज सकाळी मी पुन्हा तुझ्या कोपऱ्यावर आले होते. सवय वाईट. तू खाली उतरलास, काठीने पट्टी शोधलीस आणि निघालास. पूर्वी तू रुग्णालयाच्या फाटकाआड दिसेनासा झालास तरी माझा पाय निघत नसे. आज तू अजून दिसत होतास, काठीची टकटकही येत होती, आणि मी वळून ऑफिसची वाट धरली. डोळे भरून आले, पण वीस वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

लोभ आहेच, यापुढे तो घरी बसूनच करीन.

तुझी,
ताई