व्याही थांबले आहेत

परायमंगू, सुंबा बेट
३ जून

चि. लिका हिस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आमचे व्याही, तुझे तिकडचे आजोबा गेल्यापासून तुझी आई नीट जेवत नाही असं कळलं. तिला माझ्या नावाने दटाव.

आता आनंदाची बातमी. आपली काळी डुकरीण गाभण आहे! डुकरांचा ताप यायच्या थोडं आधी नदीपलीकडचा नर आणला होता. तो बिचारा तापात गेला, पण जाताना काम करून गेला. या तापाने गावातल्या खांबांवरच्या एकेका घराखालची डुकरं संपली गं. सकाळी कोंडा ओतताना केवढा कालवा व्हायचा, आता गाव मुकं झालंय. आपल्याच घराखाली तेवढी घुरघुर आहे. मी कुणाला तिच्याजवळ फिरकू देत नाही. तुझा मामा तामू बाजारातून आला की पायरीशीच पाय धुवायला लावते. तो म्हणतो, जावई म्हणून गेलो तेव्हासुद्धा एवढे पाय धुतले नव्हते.

केळीचा खुंट चिरून अळूबरोबर शिजवून घालते तिला. खाते कशी, बघत राहावं. पण मी काय सांगत होते?

हां, व्याह्यांना पुरण्याचा दिवस. पुढच्या पौर्णिमेला ठरला म्हणतात. लेक दिलेल्या घरी मयत झालं की आपण कापड आणि डुक्कर घेऊन जायचं. दुसरं डुक्कर कुठून आणू? तामू म्हणतो, सवलत मागू. मी म्हटलं, नाही. रिकाम्या हातांनी तुमची पायरी चढले तर तुझ्या आईला जन्मभर ऐकावं लागेल. विहीणबाईंची जीभ मला ठाऊक आहे. लग्नात आपलं डुक्कर बघून विचारलं होतं, ही बकरी कुणाची? तेव्हा काळीच येईल. पोटातल्या पिल्लांसकट येईल. तिला बांधून न्यायला तामूने बांबू तोडून ठेवलाय. मी त्याच्याकडे बघत नाही.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी आजी


वाइन्गुरा
११ जून

ती. आजीस लिकाचा सा. न. वि. वि.

आजी, तुझ्या पत्राने इथे काय झालं ते ऐक. आजोबा अजून माजघरातच आहेत, कापडांत गुंडाळून बसवलेले. सकाळी त्यांच्यापुढे कॉफी ठेवतो, घरातलं सगळं त्यांना सांगतो. तुझं पत्र आलं तेव्हा इथली आजी म्हणाली, त्यांच्यापुढे मोठ्याने वाच. मी वाचत गेले आणि जिभेचं आणि बकरीचंही वाचून टाकलं. लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. आई पांढरीफटक पडली.

संध्याकाळी भाऊबंद पौर्णिमेची बोलणी करायला आले, तेव्हा इथली आजी म्हणाली की पौर्णिमा नको. पुढच्या वर्षी भात कापून झाल्यावर बघू. सगळे उसळलेच. काका म्हणाले, पाहुण्यांना निरोप गेलेत. त्यावर ती म्हणाली, माझा नवरा आयुष्यात कुठे वेळेवर पोहोचला? स्वतःच्या लग्नालासुद्धा जेवणं झाल्यावर आला. आता कसली घाई त्याला?

मग थोरल्या काकांनी हळूच आठवण दिली, की आजोबांना पुरेपर्यंत तिला त्यांच्याजवळचा कोपरा सोडता येणार नाही. पायरी उतरायची नाही, शेत बघायचं नाही, केस धुवायचे नाहीत. वर्षभर. ती म्हणाली, ठाऊक आहे. गाभण जीव कापून या माणसाला वाटेला लावला तर तो पलीकडे कुणाला तोंड दाखवेल? आणि मला म्हणाली, तुझ्या आजीला लिही, ती बकरीच होती. शपथेवर सांगते.

रात्री आई तिच्याजवळ जाऊन बसली. दोघी सुपारी खात बसल्या.

काळीला आणू नकोस. माया असू दे.
तुझी लिका


परायमंगू
६ जुलै

चि. लिका हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

काळी व्याली! काल पहाटे खालून चुरुचुरू आवाज आला, मी वरून फटीला डोळा लावून पालथी पडले. तामूला वाटलं मला चक्कर आली. नऊ पिल्लं आहेत. एक अगदी मुठीएवढं, ते तामूच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवलं होतं. संध्याकाळी गेलं. आठ आहेत म्हणजे. तो सदरा तामूने परत मागितला नाही.

गावातल्या बायका येतात, कुंपणाबाहेरच उभ्या राहतात आणि ऐकतात. नुसतं ऐकतात गं. आमच्या शेजारणीने तर पदराने डोळे पुसले. तिच्या घराखाली आता जळण भरलंय. तिला एक पिल्लू देईन म्हटलं, दूध तुटलं की. एकेक घर पुन्हा बोलू लागेल.

त्यातला सगळ्यात दांडगा नर तुमच्या घरचा. त्याला मी नाव ठेवलेलं नाही. नावाने हाक मारली की पुढे जड जातं.

विहीणबाईंचा विचार मनातून जात नाही. मी दिवसभर खाली-वर करते, त्या एका कोपऱ्यात बसून आहेत, माझ्या डुकरिणीपायी. सुपारी पाठवलीय, आमच्या झाडाची. त्यांना काय लिहावं ते मला सुचत नाही, म्हणून लिहीत नाही. तू त्यांचे पाय चेपून दे.

हे पत्रही व्याह्यांजवळ बसून वाच. त्यांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, पिल्लं अजून आईला लुचताहेत, तेवढी कळ काढा.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी आजी