अडीच मीटर मखमल

५ मार्च, सकाळी १०
टेलर मास्तरचा सूड घ्यायचा. ठरलं.
काल हिची मखमल घेऊन त्याच्याकडे गेलो होतो. गडद जांभळी, अडीच मीटर. हिच्या आईने दिलेली, अकरा वर्षं कपाटात जपलेली. मुलीच्या पदवीदानाला हिला लांब कोट हवा. मास्तर म्हणाला, एवढ्यात लांब कोट बसणार नाही, मखमलीचे सगळे भाग एकाच दिशेने लावावे लागतात, आखूड जाकीट करा. इथवर ठीक. पण नंतर माझ्या पँटचं माप घेऊन दुकानभर ऐकू जाईल असं ओरडला. कंबर बेचाळीस. दोन बायका वळून बघायला लागल्या.
कोट मीच शिवणार. लांबच. आणि तो घालून हिला त्याच्या दुकानासमोरून तीनदा फिरवणार.

६ मार्च
ही म्हणते, आधी जुन्या चादरीवर करून बघा. तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो मी, पुलांचे नकाशे काढलेत. अविश्वास घरातूनच सुरू होतो.

८ मार्च, दुपारी २
टेबल सरकवून मखमल फरशीवर पसरली. कागदी नमुने मांडले. पाठ, दोन पुढचे भाग, दोन बाह्या, कॉलर. एक बाही बाहेर राहिली. उचललं, पुन्हा मांडलं. पुन्हा बाही बाहेर. डोळ्यांसमोर मास्तर.

दुपारी ४
एक पुढचा भाग आणि एक बाही उलट लावली, खालचं टोक वर. सगळं चपखल बसलं, शिवाय वीतभर उरलं. म्हणे एकाच दिशेने. जास्त कापड आणायला लावायचे धंदे, दुसरं काय. कापून टाकलं.
उरलेल्या तुकड्याची टोपी शिवून मास्तरला पाठवावी का? विचार चालू.

११ मार्च
कोट तयार. हिने घातला. डावी बाजू गडद, उजवी फिकट. बल्बचा दोष. बल्ब बदलला.

१२ मार्च
गॅलरीत उन्हातही तेच. हिने हात फिरवून दाखवलं, लव एकीकडे खाली जाते, दुसरीकडे वर. मी म्हटलं फॅशन आहे. मुलीला फोटो पाठवला, तर तिने विचारलं, दोन कोट जोडलेत का. लेकीचे डोळे तपासायला हवेत.
इस्त्री फिरवली. आता उजवीकडे इस्त्रीचा ठसाही आहे.
ही कोट मांडीवर घेऊन बसून राहिली. मला फार वाईट वाटलं. मास्तरचा राग आणखी वाढला.

१४ मार्च
ही एकटीच कोट घेऊन मास्तरकडे गेली. तो हसला तर काय सुनावायचं, याचे मी चार मुद्दे लिहून ठेवले.
हसला नाही म्हणे. दोन्ही बाजूंवरून हात फिरवला आणि विचारलं, इतकं सुरेख कापड दिलंत तरी कोणाच्या हातात? बिनबाह्यांचं जाकीट निघेल, समारंभाआधी देतो म्हणाला.
मी विचारलं, माझं नाव ऐकून काय म्हणाला.
"तुमचं नाव कशाला सांगू? म्हटलं, नवखा कोणी होता, दुकान बंद करून गेला. मला रोज त्याच रस्त्यानं जायचंय."