ट्रॉयला गेलेले आमचे हे

ग्योतोकु, ८ फेब्रुवारी १९९८

ती. दादास भानुमतीचा सा. न.

पत्रास कारण तुझे मेहुणे. ऑफिसच्या कामाला दोन दिवस कोबेला गेलो होतो म्हणतात. तुझ्याकडे आले होते का, खरं सांग. परतले ते ऐन थंडीत उन्हाने रापून, आणि दाढी तर महिनाभराची! ऑफिसात वाटायला मिठाईचा डबा आणला, त्यावर चिठ्ठी मात्र तोक्यो स्टेशनच्या दुकानाची. इथे दौऱ्यावरून रिकाम्या हाताने येणं म्हणजे गुन्हाच, म्हणून घाईत उचलला असणार. झोपेत कुणा बाईची माफी मागतात. तू हसशील, हस. पण शर्वला घेऊन एकटीने पुण्याला परतायची वेळ येणार असेल, तर आधी कळलेलं बरं.

वहिनीला नमस्कार. लोभ उघड असावा, चौकशी गुपचूप व्हावी.

तुझी,
भानू

*

कोबे, १३ फेब्रुवारी

चि. सौ. भानूस अनेक आशीर्वाद.

लक्ष्मीकांतराव इकडे फिरकलेही नाहीत. मी फोनवर धारेवर धरलं, तेव्हा तुला न सांगण्याच्या अटीवर बोलले. त्यांच्या कंपनीकडे म्हणे मागच्या काळात जायचं यंत्र आहे. तीन हजार वर्षांपूर्वी ग्रीकांनी ट्रॉय शहराला वेढा घातला होता, ते युद्ध बघायला यांना पाठवतात. तिथे महिना जातो, इथे दोन दिवस. फक्त बघायचं, कुणाशी बोलायचं नाही, हा कडक नियम.

हे बोलले! दोन मुलांच्या एका आईने यांना आसरा दिला. गप्पांच्या ओघात यांनी तिला आपल्या ऑफिसची रीत सांगितली, की दारात आलेली भेट परत पाठवू नये, आधी आत घ्यावी. पुढे ग्रीक वेशीबाहेर लाकडी घोडा ठेवून निघून गेले. आत न्यावा की नाही यावर लोकांचा वाद चालला असताना त्या बाईने हीच रीत सगळ्यांना पटवून दिली. घोड्याच्या पोटात सैनिक होते. शहर जळालं, ती आणि मुलंही गेली. आता वीस तारखेच्या शेवटच्या फेरीत जाऊन तिला आधीच सावध करायचं म्हणतात.

मला ही शुद्ध थाप वाटते. बाईमाणसाचा पत्ता काढ.

शर्वला पापा. दादावर विश्वास असू दे, मेहुण्यावर बेताने.

तुझा,
प्रल्हाद

*

ग्योतोकु, २२ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

थाप नव्हती. मी त्यांना काहीच विचारलं नाही, नुसती लक्ष ठेवून होते. बुधवारी त्यांनी विम्याचे कागद कुठे आहेत ते आपणहून दाखवलं. युद्ध संपलं म्हणून नाचणाऱ्या गावाला एक परका माणूस सांगणार की या घोड्यात काळंबेरं आहे. लोक संशय घोड्यावर घेतील की त्याच्यावर? हे परत यायचे नव्हते, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

गुरुवारी मी त्यांच्या साहेबांना, हिरानो-सानना, फोन केला. मोडक्या जपानीत सांगितलं की माझा नवरा तिथे लोकांशी बोलला आहे. दुपारीच यांचा यंत्राकडे जायचा पास काढून घेतला. शुक्रवारची फेरी यांच्याविना गेली.

माणूस घरात आहे. तिकडे ती दोन मुलं जळालीच. शर्वला भरवताना त्यांची आठवण येते, रडू येतं, आणि तरीही मला आनंद झालाय.

हे जेवत नाहीत. चुगली कुणी केली, एवढंच विचारतात. त्यांनी सांगितलं होतं फक्त तुला, त्यामुळे त्यांचा संशय तुझ्यावर आहे. दादा, तो तसाच राहू दे.

आजवर केलास तेवढाच लोभ या पत्रानंतरही करावास, ही विनंती.

तुझी,
भानू