दोनशेला दोन कमी

३ जाने., शनि.
कंपनीची ही शेवटची डायरी. निरोपाच्या शालीबरोबरच हातात दिली. आजवर अशा डायऱ्यांत मापं लिहायचो, आता मापं नाहीत. जे होईल ते लिहायचं ठरवलंय.
आज काही झालं नाही.

५ जाने., सोम.
पॅटर्न शॉप बंद होऊन दोन महिने झाले. सव्वीस वर्षं लाकडाचे पॅटर्न केले. ते वाळूत दाबायचे, खड्डा उमटतो त्यात लोखंड ओतायचं. आता पॅटर्न बाहेरून मशीनवर होऊन येतात. लोक विचारतात, फार वाईट वाटलं असेल ना. वाटायला पाहिजे होतं. दाताचं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला राहत नाही, तसं चाललंय. जेवतो, कॉटवर पडून राहतो, पेपर उलटा-सुलटा करतो.
लता अंगणवाडीवर निघता निघता म्हणाली, "तुम्ही बी तसलं मशीन घ्या, न्हाईतर ही कॉट तरी विका. दोन्हीतलं एकच घरात ऱ्हाईल." बायको अशी बोलली की समजायचं, तिनं महिनाभर वाट बघितलीय.

६ जाने., मंगळ.
कारेगावला गेलो. छोट्या फाउंड्रीचे आप्पा ओळखीचे. चहा पाजला. म्हणाले, "काम देतो की. पण मशीनवर करून द्या. हातचं आता कुणी घेत न्हाई, गिऱ्हाईक कॉम्प्युटरवरची फाईल मागतं." लाकूड कोरायचं छोटं मशीन, हौसेखातर लोक घेतात, कंटाळून विकतात. तसलं चालेल म्हणाले.
माझे हात चालतील का, ते मी विचारलं नाही.

८ जाने., गुरु.
पहिलं मशीन पाहिलं, कारेगावातच, भाड्याच्या खोलीत. विकणारा बिहारचा, कंपनीत हेल्पर. "चाचा, एकदम मक्खन चलता है." कापायचं हत्यार ज्यावर सरकतं तो वरचा पूल अंगठ्यानं दाबला, वाकला. मक्खनच होतं. फक्त मशीन विकणार, ते चालवणारा कॉम्प्युटर गावाकडं नेणार.
नको म्हणालो. त्यालाही फारसं काही वाटलं नाही.

१० जाने., शनि.
शिरूरला कॉम्प्युटरवाल्याकडं. दौंडला एक मशीन विकायला आहे, त्याचा फोटो दाखवला, तिथंही कॉम्प्युटर मिळाला नाही तर म्हणून. मागं पंचवीस पिनांची रुंद केबल आहे. तो हसला. "काका, ही केबल लावायची जागा आता कुठल्याच कॉम्प्युटरला येत न्हाई. इनामगावला जिथं जुनी गाडगी-मडकी निघाली, तिथं खणा, सापडंल." मग जरा दया आली असेल. दोन रस्ते सांगितले. नवा लॅपटॉप घ्यायचा आणि मशीनचं सगळं सर्किट बदलायचं, नाहीतर एखाद्या ऑफिसातून निघालेला जुना डबा शोधायचा, तो इंटरनेटला न जोडता फक्त मशीनपुरता ठेवायचा. दुसरा रस्ता बरा वाटला. जुनं, जोडणी तुटलेलं, एकाच कामाचं. असा एक घरात आहेच, लता म्हणेल.

११ जाने., रवि.
दौंड. चौफुल्याला गाडी बदलली, पुढं पाटसपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत.
मशीन एका मास्तरांनी स्वतः बांधलेलं. हायस्कूलात चित्रकला शिकवायचे. दीड वर्षापूर्वी काविळीत गेले. त्यांच्या बायको मंगलताई विकतायत. चाळिशीच्या असतील. खोली झाडून ठेवलेली, मशीनवर जुनी चादर. लोखंडी अँगल, जाड स्क्रू, पूल हलत नाही. चार वर्षं लागली म्हणे बांधायला. कॉलनीतल्या दारोदारच्या नावाच्या पाट्या मास्तरांनीच केलेल्या.
म्हणालो, दोनशे मिमीचा चौकोन कापून दाखवा. त्यांनी स्वतःच चालवलं, मास्तरांनी शिकवलेलं. तुकडा हातात घेतला, खिशातली पट्टी काढली, लावली. एकशे अठ्ठ्याण्णव. आडवं तेवढंच, उभंही तेवढंच.
"ताई, दोनशेला दोन कमी कापतंय."
"असं कसं? केसभर फरक आला तर ते जेवायला उठायचे न्हाईत."
पट्टी दाखवली. त्यांनी तुकडा फिरवून आडवा-उभा पाहिला. मग म्हणाल्या, "तुम्ही कंपनीतले. तुमचंच खरं असंल." आणि मी काही मागायच्या आधीच त्यांनी किंमत कमी केली.
एक अट. कॉम्प्युटर देणार नाहीत. "त्यात त्यांचं समदं हाय."
विचार करून सांगतो म्हणालो.

१२ जाने., सोम.
ल.ला सांगितलं, मशीन दणकट आहे, पण दोन मिमी कमी कापतं. ती भाजी निवडत होती. "एवढं कमी-जास्त माणसांत बी असतंय. घेऊन टाका."

१४ जाने., बुध.
संक्रांत. ल. झटकताना निरोपाच्या ग्रुप फोटोची काच फुटली. तिला वाईट वाटलं. मी म्हणालो, असू दे. फोटोत मी डावीकडून तिसरा, हसतोय. कशाला ते आठवत नाही.
फ्रेमचं माप घेऊन चिठ्ठीवर लिहिलं, तीनशे.

१६ जाने., शुक्र.
काच कापून आणली. ढिली. फ्रेममध्ये खुळखुळते. भांडायला परत गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, माप कशानं घेतलं?" पट्टी दिली. त्यानं तिच्याशेजारी आपला टेप लावला. माझ्या पट्टीचे तीनशे, त्याच्या टेपवर तीनशे तीन.
तिथंच उभा राहिलो.
माझी पट्टी पॅटर्नची. लोखंड थंड होताना आटतं, मीटरमागं दहा मिमी. म्हणून आमची पट्टी मुळातच तेवढी लांब करतात. लाकूड मोठं होतं, लोखंड आटून बरोबर येतं. पहिल्या वर्षी उस्तादांनी हेच शिकवलं होतं, ही पट्टी शॉपमध्येच राहू द्यायची, हिनं जगातलं दुसरं काही मापायचं नाही. शॉप बंद झालं, ती खिशातच घरी आली. सव्वीस वर्षांत एकदा चुकलो नाही. आता चार दिवसांत दोनदा.
म्हणजे मास्तरांचं मशीन बरोबर दोनशे कापत होतं. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि अंगण दुसऱ्याचं.
नवी काच घेतली. ल.ला काही बोललो नाही.

१७ जाने., शनि.
दौंडला फोन करायचा होता. केला नाही.
सांगितलं तर किंमत पुन्हा वर जाईल, हे एक. आणि एवढा कारागीर म्हणवतो त्यानं पट्टी ओळखली नाही, हे दुसरं. दुसरं जास्त जड आहे. पण तेही जड असल्याचं नुसतं कळतं, वजन लागत नाही.

१९ जाने., सोम.
दुपारी मं.ताईंचाच फोन. मी कॉटवर.
"भाऊ, दोनशेला दोन म्हणला होता ना तुम्ही? दोन्ही अंगांनी?"
सांगायची वेळ हीच होती. तोंडातून "हं" गेलं.
"बरं बरं. ठेवते."
कशाला विचारलं ते मी विचारलं नाही. ल. दारात उभी होती. "कुणाचा होता?" कंपनीतला, म्हणालो. चोराच्या मनात चांदणं. तिनं पुढं काही विचारलं नाही, तरी पाठ फिरवून पडलो.

२२ जाने., गुरु.
कॉम्प्युटरवाल्याचा निरोप. जुना डबा मिळालाय, रुंद केबलची जागा आहे. घेऊन आलो. पेटीवर ठेवला. ल.नं वर जुनं पातळ टाकलं. म्हणाली, "नवरीमुलगी आली, नवरा कवा?"
हसलो बहुतेक.

२५ जाने., रवि.
मं.ताईंचा फोन. आवाज बसलेला.
विहाराच्या खिडक्यांसाठी पिंपळपानाच्या आठ जाळ्यांची ऑर्डर होती, पौर्णिमेच्या कार्यक्रमाला. मशीन विकायच्या आधीचं शेवटचं काम म्हणून त्यांनीच घेतलेलं. कमी कापू नये म्हणून त्यांनी कॉम्प्युटरमधला आकडा बदलला. एक मिमी सरकायला मोटरनं किती पावलं टाकायची तो आकडा, मास्तरांनी बसवलेला. मी सांगितलेल्या हिशोबानं वाढवला. एकोणीसचा फोन त्यासाठी होता.
"आठच्या आठ मोठ्या झाल्यात. चौकटीत बसंनात. चारशेच्या चारशे चार. माझंच गणित चुकलं असंल. तुम्ही येऊन बघता का?"
येतो म्हणालो. फोन ठेवल्यावर खिशातली पट्टी काढून कॉम्प्युटरशेजारी ठेवली.  दोन-अडीच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी झालं, आणि झालं ते हे. लाज वाटली. भयंकर लाज वाटली.
ल.ला सगळं सांगितलं. ती बोलली एवढंच, "डबा लवकर करते. पहिली गाडी धरा."

२६ जाने., सोम.
पिशवीत रंधा, पटाशी, आणि ल.चा शिवणाचा टेप. पट्टीही घेतली.
मं.ताई झेंडावंदन करून आल्या होत्या, शाळेत सेविका आहेत. चहा ठेवायला लागल्या. म्हणालो, ताई, चहा नंतर. पट्टी आणि टेप शेजारी शेजारी ठेवले. लोखंड आटतं ते सांगितलं. सोळा तारखेलाच कळलं होतं, तेही सांगितलं. एकोणीसला फोनवर हं म्हणालो, ते माहीत असताना म्हणालो, हेही.
रागावतील वाटलं होतं. भिंतीला टेकून खाली बसल्या.
"म्हंजी त्यांचं बरोबर व्हतं."
"हो. अगदी."
"पंधरा दिस मी त्यांना मनात बोलतीया. एवढ्या पाट्या केल्या. समद्या कमी गेल्या असतील, लोक भिडंनं गप ऱ्हायले असतील. फोटोला हार घालताना बी बोलले." फोटोकडं बघून, "त्यांना काय वाटलं असंल हो?"
 मी पिशवीतून रंधा बाहेर काढला.
मग त्या उठल्या. आकडा बदलताना जुना कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवला होता. परत घातला. माझ्याकडं न बघता दोनशेचा चौकोन कापला, मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी आणून स्वतः लावली. तुकडा पदरानं पुसला आणि कपाटात साड्यांवर ठेवला.
मी अंगणात आठ जाळ्या घेऊन बसलो. चारी बाजूंनी दोन-दोन मिमी रंध्यानं काढायचे. कडेची पट्टी जरा बारीक होते, पानांना धक्का लागत नाही. दिवसभर गेला. प्लायच्या कडा सुटतात, पात्याला सारखी धार लावावी लागते. हात चालले.
निघताना पैशाचं, मशीनचं काहीच बोलणं झालं नाही. पट्टी उचलायला गेलो तर म्हणाल्या, "ही ऱ्हाऊ द्या हितंच." ठेवली.

२९ जाने., गुरु.
दौंडहून काही नाही. आप्पांनी कारेगावहून विचारलं, मशीनचं कुठवर आलं. बघतोय म्हणालो.
सकाळी सवयीनं खिसा चाचपला. रिकामा.

१ फेब्रु., रवि.
पौर्णिमा. ल. सकाळीच विहारात जाऊन आली. अकराला मं.ताईंचा फोन.
जाळ्या बसल्या. आठही. मग म्हणाल्या, मी तीन दिवस संध्याकाळी कॉलनीत हिंडत होते. मास्तरांच्या पाट्या मापल्या, लोकांना सांगितलं की नवीन करायचीय, माप हवंय. सतरा पाट्या. मास्तरांच्या ऑर्डरींच्या वहीत लिहिलंय तेच माप सगळीकडं. सतरा म्हणताना आवाज वर गेला.
"आता एक विचारते, भाऊ. हे मशीन विकू का नको? पोरीच्या शिक्षणाला पैसा पायजे, ते तर हायच. पर मला बी चालवता येतं, ऑर्डरी येतात. घरात दुसरं विचारायला कुणी न्हाई. तुम्हाला पायजे हाय ते ठाऊक हाय मला. तरी तुम्हीच सांगा. खरं सांगा."
समोर पेटीवर कॉम्प्युटर, त्यावर ल.चं पातळ. रुंद केबलची जागा भिंतीकडं तोंड करून.
म्हणालो, ताई, उद्या सांगतो.
"उद्या सांगा. पर या बारीला नीट मापून."
ल.नं विचारलं, काय म्हणाल्या? तिला सांगितलं. आत जाऊन तिनं पोळ्या लाटायला घेतल्या. अजून कॉटवर बसलोय. पाठ टेकलेली नाही.