लवंडलेली चौफुली

वडीलबंधूंसारखे जगदीशराव यांना कळसाडीहून भिलाचा रामराम.

इकडे आम्ही ठणठणीत. तळोद्यात तुमचा गुडघा काय म्हणतो ते कळवा. पोळ्यानंतर तुमच्या दावणीला दिलेला पाखऱ्या बैल तिथेही तिरपाच ओढत असेल. जित्याची खोड हो, सांभाळून घ्या. (हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या बहिणीचा कान माझ्या फोनलाच असतो.)

जगदीशराव, माझ्यावर आभाळ कोसळलंय! तुमच्या भाचीला, रूपालीला, सातवीच्या प्रतिभा मॅडमनी घरचा अभ्यास दिला: आजूबाजूचे कोन मोजून आणा. झालं! पोरीने कंपासपेटीतला कोनमापक उचलला तो खाली ठेवायलाच तयार नाही. ताटातली चतकोर भाकरी मोजली, बाजेचा पाय मोजला, मी दुपारी जरा आडवा झालो तर माझं कोपर मोजून विशालकोन म्हणाली. शिक्षण आहे म्हणून सहन केलं. पण मग ती वावरात शिरली.

आमची कपाशी चौफुलीवर, हे तुम्हाला ठाऊकच. गाठींची दोरी आधी रस्त्याला धरून ताणायची, मग बांधाला धरून. फुली पडेल तिथे बी टोचायचं. आजोबांपासून हेच. चारी बाजूंना तीन-तीन फूट, म्हणजे चौरसच ना? माझ्यासारखी फुली अख्ख्या कळसाडीत कुणाची नाही, हे मी चारचौघांत (तुमच्या मुलाच्या साखरपुड्यातसुद्धा) सांगितलेलं आहे. तर ही पोरगी रस्ता नि बांध मिळतात त्या कोपऱ्यात उकिडवी बसली आणि म्हणाली, “आबा, हाऊ काटकोन नही शे. पासष्ट शे.” बाजू सारख्या असल्या म्हणून चौरस होत नाही म्हणे. हा समभुज चौकोन, तोही लवंडलेला!

मी म्हटलं, तुझं प्लास्टिक उन्हात वितळलंय. तर दुसऱ्या दिवशी मॅडमचा फळ्यावरचा लाकडी कोनमापक घेऊन आली. पासष्टच! चौकोन लवंडला की ओळींमधली जागा अरुंद होते, हेही तिने काडीने मातीत काढून दाखवलं. अहो, मी कोळप्याचं पातं गाठींच्या मापाने रुंद करून घेतलेलं! म्हणजे दर वर्षी कोळपताना रोपं कापली जायची ती यामुळे. (त्याचं खापर कुणावर फुटायचं, तो विषय वेगळा.) तुमच्या बहिणीला, शोभाबाईला, सांगायला गेलो, तर म्हणते, “तुम्हनं डोकं बी तितलंच तिरपं शे.”

माझं म्हणणं एवढंच, असली भूमिती शाळेत शिकवणं बंद झालं पाहिजे. बापजाद्यांचा कोपरा मी या वयात कुठून सरळ करू?

घरी मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि कोनमापकाला लांबूनच रामराम.

आपला,
भिला

ता. क. — पाखऱ्याचा तुम्हाला फार जाच होत असणार. मोठ्या मनाने मी त्याला परत न्यायला तयार आहे. रविवारी येतो. कारण विचारू नका.

आणखी ता. क. — मामा, हे रूपाली लिहितेय. आबांनी पत्र टाकायला माझ्याकडे दिलं. कोळप्याला जुंपल्यावर पाखऱ्या सरळच चालायचा. आबांनी त्याला उगाच मारलं. आता ते रोज त्याच्या रिकाम्या दावणीपाशी जाऊन बसतात, पण तसं लिहिणार नाहीत. पाखऱ्याला हे वाचून दाखवा.